बुढीले लेकराचा रोग

९ जानेवारी १९५८, सौंदड

ए वही, परवा काय सांगितलं होतं? विसरली न! शामकलेनं वाचल्याबिगर तुले काहीच आठवत नाही. मी एक अक्षर न शिकलेली बुढी, मले मात्र सगळं ध्यानात आहे — पेशाबात रक्त होतं. आजही आहे. डाव्या कुशीत गाठ, कच्च्या बेलाएवढी. शामकलेनं — माझी नातसून, लिहून राहिली तीच — हात लावला अन् रडाले लागली. "रडू नको व, शाई फुटते!"

२० जानेवारी, नागपूर

डॉक्टर म्हणे, किडनीवर, म्हंजे गुर्द्यावर गाठ आहे. गुर्दाच काढावा लागते.
"एकावर भागते?"
"भागतं, आजी."
"मंग देवानं दोन कायले दिले?"
तो हसला. मी चादर तोंडावर ओढली. खालचं तोंड त्याले दिसलं नाही म्हणून बरं!

३ फेब्रुवारी

वाचली! गुर्दा गेला, जीभ शाबूत आहे.

१४ फेब्रुवारी

काढलेल्या गाठीचा तपास आला. डॉक्टर म्हणे, "आजी, हा कॅन्सर लहान लेकरांचा. मोठ्या माणसात मी पहिल्यांदाच पाहिला."
"मंग पाळणा बांधा," म्हटलं. "दात तर आधीच नाहीत."
नर्सा हसल्या. मी हसता हसता गार पडली — लेकरांचा रोग! गोवर असते तसा? एकाचा दुसऱ्याले? टिकाराम माझ्याच पांघरुणात निजते, त्याच कुशीले चिकटून. चार वर्षांचं लेकरू, शामकलेचं —
लिही न. थांबली काऊन?

१५ फेब्रुवारी

दोघीही डॉक्टरले विचारत नाही. भेव वाटते. शामकला मले पाणी देते अन् तोंड फिरवते. तिच्यावर कोणत्या तोंडानं रागावू?

१७ फेब्रुवारी

आज शामकलेनं डॉक्टरले दारातच अडवलं. "माझ्या पोरानं आजीचं उष्टं खाल्लं आहे. सांगा!" ही पोरगी एवढ्या जोरानं बोलते, मले माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणे, "नाही बाई, हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही." ती तिथंच फरशीवर बसली. मी पदर तोंडात कोंबला. रडली की हसली, वही, तूच ठरव.

१९ फेब्रुवारी

छातीचा फोटो काढला. दुसऱ्याले लागत नाही, पण माझ्याच अंगात फिरून राहिला म्हणे — छातीत पोचला. हे सांगताना डॉक्टर 'आजी' म्हणाला नाही.

शामकला, घरी चिठ्ठी टाक. टिकारामले घेऊन या. संगं लाखोळीच्या डाळीचे वडे आणा, अन् मिरची कमी करू नका.