फियाटचा हप्ता काहून वाढला

सानगडी,
७ डिसेंबर १९८३

चिरंजीव धनीरामास ताईचा आशीर्वाद. आम्ही सगळे इथं खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या बायकोले विचारलं म्हणून सांगजो. झालं. आता तुझ्याकडे येते.

भाऊ विम्याचा एजंट असला का बहिणीचं भलं होते, असं मले वाटे. तू आला, माह्या हातचे वडे खाल्ले, अन् जाता जाता सांगतलं का फियाटची दोनदा भरपाई घेतली म्हणून भरपाई न घेणाऱ्याचा बोनस गेला, विम्याचा हप्ता वाढला. वरतून बोध केला : म्हाताऱ्याले दिसत नाही, पोराले सुचत नाही. ते मले ठाऊक होतं, बापा! बोध करून तू एसटीत बसला, आग मात्र माह्या घरात लागली.

साठी ओलांडलेले तुझे भाऊजी म्हणतात, हप्ता पोरानं वाढवला. (जागेश्वरनं एसटीले मागं टाकाच्या नादात फियाट सडकेखाली धानाच्या बांधीत, चिखलात घातली, हे खरं.) जागेश्वर म्हणते, बाबानं वाढवला. (भाऊजी बैलाच्या चालीनं, सडकेच्या मधातून चालवतात, अन् तणसीच्या गंजीत घुसले, हेही खरं. घराएवढी गंजी दिसू नये? चष्मा खिशात होता!)

अन् मंगळवारी सकाळी विमलाले कळा सुटल्या. पोरीचं पहिलं बाळंतपण, साकोलीच्या दवाखान्यात न्यायचं. तिले गाडीत बसवलं, मी बाजूले बसली, तर समोरची जागा रिकामी! बाप-लेक अंगणात किल्ली ओढून राहिले.

"तुमाले खड्डा दिसत नाही, ताईले हादरे बसतील."

"अन् तू तिले बांधीत बाळंत करशील!"

पोरगी कण्हून राहिली अन् हे दोघं कोणाची धडक मोठी ते ठरवून राहिले. "अरे, कोणीही चालवा!" म्हणून मी ओरडली. ऐकते कोण? मग मी विमलाले उतरवलं, सडकेच्या मधात उभी राहिली अन् येणाऱ्या एसटीले हात आडवा केला. ड्रायव्हर शिव्या देतच थांबला, पण पोरीले पाहून खाली उतरला अन् तिले हात देऊन वर घेतलं. त्या भल्या माणसानं एकही खड्डा लागू न देता थेट दवाखान्याच्या फाटकात गाडी नेली. मले रडूच आलं. दुपारी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

मग फियाट आली. नातीचं तोंड पाहाच्या आधी जागेश्वर म्हणे, "आई, गाडी मी आणली." भाऊजी म्हणाले, "ब्रेक माराले मी सांगत होतो." अंगाची लाही झाली, धनीराम! नात हातात नसती तर दोघांइले तिथंच भरती केलं असतं.

तुझी,
शोभाताई

ता.क. विमा बंद करू नको. किल्ली मी काढून घेतली आहे. रविवारी दोघं लग्नासाठी अड्याळले जाणार आहेत, एसटीनं. तेव्हा तू ये अन् मले गाडी शिकव. घरात कोणाले बोलजो नको.

आणखी एक. समोर नेणं मले जमलं आहे, थांबवणं राहिलं आहे. शेजारच्या कुंताबाईची न्हाणी विम्याच्या थर्ड पार्टीत बसते काय, ते लवकर कळवजो. (ती आत नव्हती.)