कोणत्या पाण्यात डाळ शिजते

९ एप्रिल १९६१
ग्रामसेविका म्हणून या गावात आले, तेव्हापासून चहाची चव विसरले. विहिरी खारट, चहा खारट, त्यात माझा स्वभाव मूळचाच तिखट. घरमालकीण कौसल्याकाकू म्हणतात, "होते सवय." मला नाही व्हायची. दुपारी चढवलेली तुरीची डाळ दिवेलागणीलाही टणक. खाऱ्या पाण्यात शिजत नाही म्हणे. गोड्या पाण्यासाठी काकू पार नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यापर्यंत जातात. पाठ वाकलीय बिचारीची.

१२ एप्रिल
सरपंचांनी पंचायतीची विहीर दाखवली. पूर्वी गोड होती. पाणी वाढावं म्हणून सुरुंग लावून खोल केली, तर खाली खारं लागलं. "जितलं खोल तितलं पानी, असं वाटलं ना बाई." म्हणजे गोडं पाणी वरच्या थरातच? मग आणखी कुठे असेल? डोक्यात भुंगा.

१६ एप्रिल
महिला मंडळात डाळीची परीक्षा. जिने तिने आपल्या विहिरीचं पाणी आणायचं, डाळ एकाच पोत्यातली. "बाईले याड लागलं," म्हणून हसल्या. पण झाकणं उघडू लागली तशा सगळ्या वाकून पाहत होत्या. वरण मऊसूत झालं ते एकाच पातेल्यात, सिंधूबाईच्या. बौद्ध वस्तीतली नाल्याकाठची उथळ विहीर. कोणी चाखलं नाही. मी खाल्लं. मग राग आला म्हणून पुन्हा खाल्लं.

२० एप्रिल
सरपंच म्हणतात, तीच विहीर खोल करू, गावाला पुरेल. सिंधूबाई कडाडली, "तुमची खारी केली, आता आमची काहून नासवता?"
तालुक्याच्या ओव्हरसियरांना विचारून आले. खोल नको, नाल्यावर मातीचा बांध घाला, पावसाचं पाणी मुरेल. पण माती साऱ्या गावाने टाकायला हवी. सिंधूबाई कबूल, अट एकच. "पानी घ्या. पन सोताच्या हातानं ओढा. आमी वाढून देनार नाई. आमची माय तुमच्या विहिरीपाशी घागर घेऊन उनात बसे, कोनी वरून पानी टाकीन म्हनून."
मान खाली गेली माझी.

२७ एप्रिल
बांधावर वस्तीतली सगळी माणसं, गावातली मोजकी. सरपंच छत्री धरून. काकूंनी सिंधूबाईच्या हातातून मातीचं टोपलं घेतलं! राहवेना, विचारलं, "मग पाणी का नाही?"
"माती माती आये. पानी अलग असते."
चिडले. डाळ टणकच होती.

३ मे
सकाळी काकूंनी घागर उचलली. "पाहून येतो." मी मागोमाग. वस्तीतल्या विहिरीपाशी थबकल्या. सिंधूबाईने दोर पुढे केला. काकूंनी धरला! बादली खाली सोडली, बुडल्याचा आवाज आला. ओढणार, तेवढ्यात रस्त्याने सरपंच येताना दिसले. काकूंचा हात थांबला. दोर सिंधूबाईच्या हाती परत दिला आणि घराकडे चालू लागल्या.
मी ओरडले, "काकू, घागर राहिली!"
"राहू दे तिथंच. उद्या लागन."
सिंधूबाईने बादली वर ओढली. घागरीत ओतली नाही. घागर उचलून सावलीत ठेवली फक्त.
आज काकूंनी डाळ चढवली नाही. भाकरीबरोबर ठेचा.