सुट्टीतली मोजणी

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

तुझ्या हुकमाप्रमाणे आज सुट्टी घेतली. माडाखाली चटई टाकून, फळीवर उभं राहून लाटांवर घसरणाऱ्यांची गंमत बघत बसलो. पण आम्ही जीवरक्षक दर पाच मिनिटांनी पाण्यातली डोकी मोजतो, ती खोड सुट्टीतही सुटेना. पहाऱ्यावरचा जोडीदार म्हणाला, "आज तू गिऱ्हाईक आहेस, गप पड." पडलो, तरी मोजतच होतो.

मंगळवारी माझ्या पाळीत एक डोकं कमी भरलं. आज सगळे बाहेर आले, तेव्हा कुठे शहाळं फोडलं. मी बरा आहे.

बाबा अजून एकटेच विहिरीत पोहायला उतरतात का? उद्यापासून तू काठावर बसत जा. भाजी निवडायची ती तिथेच निवड.

तुझा,
धाकटा