घरचा नंबर बंद होताना

प्रिय ताई,

माझं पत्र आलेलं पाहूनच तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. आई आत झोपलीय. प्लास्टरचा हात उशीवर असा ठेवलाय, जणू कुणीतरी आपलं सामान दोन दिवस सांभाळायला दिलंय. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. अक्षर माझं अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, शाळेतल्या बाई म्हणायच्या तसंच, तेव्हा जरा दमानं वाच. आणि मध्येच भरकटले तर रागावू नकोस. मी खूप थकलेय गं. हॉटेलात दिवसभर चादरी बदलल्या तरी एवढी दमत नव्हते, जेवढी या एका इंटरनेटच्या वायरीपायी दमलेय.

तुझा हुकूम मला तोंडपाठ आहे. एक तर घरात धड इंटरनेट घे, म्हणजे मला रोज आईचा चेहरा दिसेल, डॉक्टरांना तिच्याशी बोलता येईल, हॉलमध्ये कॅमेरा लावता येईल. नाहीतर महिनाअखेर मी येते आणि तिला माझ्याकडे घेऊन जाते, चक्कर येऊन पडणाऱ्या बाईला एकटं ठेवायचं नाही. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. आपल्या जुन्या कंपनीच्या नेटवर तुझा चेहरा यायचा तो तोंड उघडं ठेवून थिजायचा, आणि आई त्या थिजलेल्या चेहऱ्याला विचारायची, "दाढ दुखतेय का गं तुझी?" म्हणून मी तलावाकाठचं ते हॉटेल सोडून आले. तसंही तिथला मुकादम... जाऊ दे, त्याचं पुन्हा कधीतरी.

तुला वाटलं असेल, कंपनी बदलायची म्हणजे काय, एक फोन करायचा. मलाही तसंच वाटलं होतं. आधी मी जिन्यानं प्रत्येक मजल्यावर विचारत गेले की तुमच्याकडे कुणाचं नेट आहे आणि कसं चालतं. ताई, लग्न जमवताना स्थळाची चौकशी करावी तसा प्रकार झाला. ज्याच्या घरी जे आहे ते त्याला नको, आणि शेजाऱ्याकडचं ते सोन्याचं. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, अजिबात बदलू नका, आगीतून फुफाट्यात. दुसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, बदलाच, पण माझ्यावाली घेऊ नका. तिचा कुत्रा फार गोड आहे, त्याच्याशी खेळण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली, ते तुला सांगायला नको. एका कंपनीचा नुसता डबा असतो, त्याला वायरच नाही, तो खिडकीत ठेवला तर चालतो आणि खिडकी लावली की झोपतो. शेवटी आपल्या चौथ्या मजल्यापर्यंत वायर आणून देणारी एकच निघाली. तिच्या गाडीवर धावता ससा काढलाय, म्हणून मी तिला सशाची कंपनी म्हणते, आणि जुनीला कासव म्हणते. गोष्टीत कोण जिंकतं ते आठवून तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सशाच्या दुकानात एक बाई बसते, तिचं नाव मी गोडबोली ठेवलंय. तिनं मला दोन प्लॅन समजावले. एकात वर्षभर बांधून घ्यायचं, मध्ये सोडता येत नाही, पण जोडणी फुकट आणि बिघाड झाला तर तुमचा नंबर आधी. दुसऱ्यात काही बांधणी नाही, कंटाळा आला की सोडा. मी कुठला घेतला असेन? विचारायलाच नको. मला तर टूथब्रशसुद्धा वर्षभर एका घरात ठेवायची सवय नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. जोडणीवाला येणार म्हणून मी घर झाडलं, कचरा टाकायला तेवढी खाली गेले, पण तो आला नाही. कंपनीकडून निरोप आला, पत्ता सापडला नाही. पुन्हा दिवस ठरवला, पुन्हा तोच निरोप. मी गोडबोलीशी भांडले. म्हटलं, तुमच्या माणसाला चार मजले मोजता येत नाहीत का? ती म्हणाली, "ताई, तो म्हणतो दार उघडलं होतं, पण ते घर तुमचं नव्हतं." मी म्हटलं, घर माझं नाही तर काय तुझ्या सासऱ्याचं? ते बोलायला नको होतं, तिनं मनाला लावून घेतलं. इकडे कासवाला सुगावा लागला की आपण सोडून चाललोय, तर तिथून रोज घरच्या फोनवर फोन. सोडू नका, वेग वाढवून देतो, थांबा ना. आई तो फोन उचलायची, एकदम जुन्या आवाजात, तुला आठवतो ना तिचा टेलिफोन ऑफिसातला, ड्यूटीवरचा आवाज, जरा नाकातून आणि साखर घातलेला, म्हणायची, "थांबा हं, जोडून देते," आणि रिसीव्हर कुंडीजवळ ठेवून निवांत एका हातानं भाजी निवडायला जायची. तो पलीकडचा बिचारा कितीतरी वेळ कुंडीला योजना समजावत असायचा. मला हसू यायचं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण माझं डोकं म्हणजे पालथा घडा.

पुढच्या खेपेला मी दूध आणायला खाली गेले होते, आणि परत येताना नर्सचा कुत्रा भेटला, त्यामुळे जिन्यातच होते. वरून आवाज आला. आईचा. तोच साखर घातलेला. "रॉंग नंबर. हे ते घर नव्हे. पलीकडच्या इमारतीत बघा." मी वर बघितलं तर एक माणूस खांद्यावर शिडी आणि हातात वायरीचं भेंडोळं घेऊन जिना उतरत होता, चेहरा असा की देवा, या नोकरीतून सोडव. मी त्याला थांबवलं, माफी मागितली, पाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. आणि वर गेले. ताई, मला वाटलं होतं मी चिडेन. पण अंगात चिडायचंही त्राण नव्हतं. मी नुसती तिच्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हटलं, आई, का गं?

आधी ती ताकास तूर लागू देईना. मग म्हणाली, "ती नवीन कंपनी आली की घरचा नंबर जाणार." हे खरं होतं, मी आधीच विचारलं होतं. फोन आणि नेट एकाच वायरीवर, आणि नंबर इतका जुना की दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. जुनं बंद म्हणजे नंबर बंद. मी म्हटलं, अगं पण त्या नंबरवर फोन येतो कुणाचा? विकणाऱ्यांचा आणि कासवाचा. मोबाइल आहे की तुझ्याकडे. तर तो कुठे, कपाटात, बंद करून, का, तर वापरला की झिजतो. ती म्हणाली, "आणि तुझा फोन हरवला तर? तू कुठे करणार?"

तुला माहितीच आहे, माझा एक फोन नदीत गेला, एक बसमध्ये राहिला, एक तर मी चक्क चादरींबरोबर धुवायला टाकला. दर वेळी कुणा अनोळखी माणसाचा फोन मागून मी घरी फोन केलाय, कारण मला जगात एकच नंबर पाठ आहे. पाढे मला आले नाहीत, तुझा नंबर मला येत नाही, खोटं कशाला बोलू. पण घरचा नंबर झोपेत विचारला तरी येतो. तो कसा शिकवला ते आठवतं का तुला? वेणी घालताना. केसाचा एक पेड, एक आकडा. चुकलं की वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून. तू पहिल्याच वेणीत शिकलीस आणि शाळेत गेलीस, माझी वेणी घालता घालता शाळेची घंटा होऊन जायची. टेलिफोन ऑफिसात आयुष्य काढलेल्या बाईला मुलींना याहून मोठं देण्यासारखं काय असणार? तिला तर माणसांची नावंही आठवत नाहीत, अजून शिंप्याला ती त्याच्या फोन नंबरावरून "तो शेवटी बावीसवाला" म्हणते.

मग मी तिला म्हटलं, आई, नेट नाही आलं तर ताई तुला घेऊन जाणार. घर बंद, म्हणजे नंबर तसाही जाणारच. तिला हे कळत नव्हतं असं नाही. ती नुसती दिवस ढकलत होती, जसं फोनवरच्या माणसाला कुंडीजवळ थांबवून ठेवायची तसं. तिनं एकदा त्या काळ्या फोनकडे बघितलं. मग उठली, कपाटातून मोबाइल काढला, कंगवा घेतला आणि म्हणाली, "बस इकडे."

माझे केस आता कानाच्या खाली येत नाहीत. वेणी कशाची घालणार? तरी मी जमिनीवर बसले तिच्या पायाशी, आणि ती डाव्या हातानं कंगवा फिरवायला लागली, एक फेर, एक आकडा. तिच्या मोबाइलचा नंबर. मी चुकले की कंगव्यानं टपली. "पुन्हा." माझी मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं, कंगव्यामुळेच असेल. पाठ झाल्यावर म्हणाली, "आता उलट म्हण." उलटं मला अजून येत नाही.

दुसऱ्या दिवशी शिडीवाला आला, तर हीच त्याच्यामागे. चहा काय, जुन्या वायरीचं भोक कुठंय ते काय, भिंत नव्यानं फोडू नका काय. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काल रॉंग नंबर म्हणाल्या त्या ह्याच ना?" नवीन डब्याचा दिवा लागल्यावर आईनं जुन्या फोनला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आतला तो लांबलचक सूर ऐकला, आणि कुणीतरी पलीकडे असल्यासारखं म्हणाली, "ठेवते मग." आणि वायर काढली. एवढंच. मग म्हणाली चहा गार झाला.

म्हणजे नेट आलं, ताई. तुझा चेहरा आता थिजणार नाही. मग हे फोनवरच का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. कारण आईचे कान अजून ड्यूटीवर आहेत, या घरात कुठल्याही खोलीत हळू बोललं तरी तिला ऐकू जातं, आणि जे सांगायचंय ते तुला सांगू नकोस असं तिनं मला बजावलंय. कंगवा फिरवताना बोलून गेली ती. तिला चक्कर आली नव्हती. कधीच आली नव्हती. त्या दिवशी घरचा फोन वाजला, माझा बरेच दिवस पत्ता नव्हता, तिला वाटलं मीच, म्हणून ओट्यापासून धावली आणि पायपुसण्यात पाय अडकला. पडली, तरी सरपटत जाऊन तिनं दुसऱ्या हातानं फोन उचलला. पलीकडे इंटरनेट विकणारी एक बाई होती. आई तिला "आत्ता नको हो" म्हणाली, नीट, ड्यूटीवरच्या आवाजात. तुला चक्कर सांगितली, नाहीतर तू माझ्यावर भडकली असतीस. तेव्हा भडकायचं तेवढं भडक, पण तिला नेऊ नकोस. पायपुसणं मी फेकून दिलंय. आणि अजून एक. शिडीवाला आला त्या सकाळी सह्या करायच्या होत्या, तर आई खिडकीबाहेर बघत, सहज विचारावं तसं त्याला म्हणाली, "ते बांधणीचं असतं, ते मध्येच सोडून गेलं तर काय करतात हो?" तो म्हणाला, सोडताच येत नाही. मग मी दुकानात जाऊन गोडबोलीची माफी मागितली आणि प्लॅन बदलून घेतला, वर्षभराचा, माझ्या नावावर. पत्राच्या मागे आईचा मोबाइल नंबर लिहिलाय, न बघता. तुझ्या फोनमध्ये असेलच, तरी पाठ कर. केस विंचरताना सोपं जातं.

तुझीच,
वर्षभर तरी याच पत्त्यावरची,
भिंगरी