साल्पेकरांचे राखाडी चौकोन

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची जबलपूरला! बदलीचं ऐकून नागपूरच्या ऑफिसातल्यांनी तोंडं अशी केली, जशी काही मी काळ्या पाण्यावरच चालली. पण मदन महलची ही खोली झकास आहे. घरमालकीण इंदिराकाकू बोलता बोलता हिंदीत शिरतात आणि तिकडेच राहतात. आल्या आल्या पोहे दिले, आडनाव विचारलं. साल्पेकर म्हटल्यावर म्हणाल्या, अच्छा, दीक्षितपुऱ्यात होते साल्पेकर, आता कोणी उरलं नाही.

आमचे पणजोबा इथूनच नागपूरला गेले, असं बाबा सांगायचे. आई-बाबा गेल्यावर आता माझी माणसं दोनच, अच्युतकाका आणि धाकटा भाऊ आलोक.

९ फेब्रुवारी
रविवार सत्कारणी लागला. वंशावळीची एक साइट सापडली, लोक आपापली घराणी तिथे एकमेकांना जोडतात. दीक्षितपुऱ्याच्या साल्पेकरांची वंशावळ कोणा विष्णुपंतांनी आयतीच करून ठेवलेली! साइटचा नियम असा की जिवंत माणूस परक्याला नुसता राखाडी चौकोन दिसतो. गेलेल्याचं नाव आणि तारीख तेवढी उघडी. विष्णुपंतांच्या एकशे बारा माणसांत राखाडी चौकोन एकही नाही. फक्त नागपूरची फांदी रिकामी होती. मी आमची सगळी नावं भरली आणि दिलं जोडून. पडताळत कोण बसतं? आलोकलाही लिंक पाठवली, साहेब खूश.

१४ फेब्रुवारी
विष्णुपंतांच्या पानावर अच्युतकाकांचं नाव उघडं पडलंय. मृत्यूची तारीख १७ फेब्रुवारी, म्हणजे येत्या सोमवारची! काका रोज तीन किलोमीटर चालतात. असली तळपायाची आग मस्तकात गेली! खरमरीत लिहिलं. उत्तर अगदी नम्र आलं. म्हणे, ते स्वतः काहीच लिहीत नाहीत. नागपूरची फांदी फार वर्षं सापडत नव्हती, मी दाखवली म्हणून आभारी आहेत.

आभारी काहून? माझी नावं घेऊन हा माणूस करून काय राहिला? इंदिराकाकूंना विचारलं. विष्णुपंत साल्पेकर होते म्हणे, पण काकूंच्या सासूबाईंच्या लहानपणीच वारले. म्हणजे कोणी भामटा त्यांचं नाव लावून बसलाय.

१७ फेब्रुवारी
काका गेले. सकाळी, चहा घेता घेता.

१९ फेब्रुवारी
नागपूरहून परतले. आता आलोकचं नाव उघडं आहे. २३ फेब्रुवारी.

फांदी काढायला गेले तर दोन्ही बाजूंची संमती लागते. विष्णुपंत देत नाहीत. आलोकला सांगितलं तर हसला. काकांच्या दुःखात माझं डोकं फिरलं म्हणतो. माझ्या हातानं मी त्याला तिथे नेऊन ठेवलं.

२१ फेब्रुवारी
सुचलं! आजी सांगायची, दत्तक गेलेल्या पोराचं गोत्र सुटतं, जन्मघराचं सूतकही सुटतं. आलोक आईच्या मैत्रिणीला, यामिनीमावशीला दत्तक गेला असं भरलं. धादांत खोटं. पण चौकोन राखाडी झाला! पोटभर रडले. आलोकला बोलले नाही, पुन्हा हसेल.

२३ फेब्रुवारी, दुपार
आलोकचा फोन. मदन महल स्टेशनवर उतरलाय, मी खचले म्हणून न कळवता आला. आणि वंशावळीत कोणी तरी त्याला दत्तक दाखवलं होतं, ती चूक त्यानं गाडीतच दुरुस्त केली म्हणे—

मी ओरडले. त्याला ऐकूच गेलं नाही. एक म्हातारे गृहस्थ भेटलेत, आपल्याच घराण्यातले, सोबत घेऊन येतो म्हणाला. फोन कटला.

पुन्हा दत्तक भरून राहिले— घेत नाही— नाव उघडंच—

आलोक उचलत नाही.

रिक्षा थांबली. काकू खालून सांगून राहिल्या, भैया आला, सोबत कोणी आहे. देवा, आलोकला वर येऊ दे, फक्त आलोकला—

जिन्यावर पावलं. एकाच माणसाची. हळू— काठी टेकत— आलोक कुठे— दाराशी कोणी तरी माझं नाव—