तिसरी चूक

सर, झेरॉक्सच्या काचेवर तुमचा कागद पालथा ठेवला आणि झाकण पडायच्या आत मीच त्यावर हात ठेवला. नवी पेठेतलं दुकान, संध्याकाळची गर्दी, मागे चौघं खोळंबलेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काढू का नगं? हातबी छापून येईल की." मागचे हसले. मी कागद उचलला, घडी घातली आणि घरी आले. एकच प्रत काढायची होती. ती का काढता आली नाही, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

पुराव्याच्या कायद्याचा अख्खा अभ्यासक्रम तुम्ही एका कागदावर बसवला होता. तुमचा एक अशील चादरींची नक्षी काढायचा. त्याच्याकडून आणलेला तो बारीक चौकटींचा मोठा कागद. वर मधोमध एक प्रश्न : हे कोर्टाला ऐकता येईल का? त्याखाली हो आणि नाही अशा दोन वाटा, त्यांना पुढे फाटे, शेवटच्या ओळीत उत्तरं. कलमांचे आकडे कुठेच नाहीत. पहिल्या सत्रात मी माझा आराखडा तुम्हाला दाखवला होता. आकडे लाल शाईत, खाली दुहेरी रेघ. तुम्ही तो वर्गासमोर धरलात. "हे एसटीचं वेळापत्रक झालं. गाडी कुठं जाते ते लिहा." मी खाली बसले. संपूर्ण तास वर बघितलं नाही. तुमचा नियम सगळ्यांना ठाऊक होता : ज्याचा आराखडा त्यानं करायचा, दुसऱ्याचा वाचला तर दुसरा पास होतो.

मग मला विषमज्वर झाला आणि दीड महिन्याचे तास बुडाले. परीक्षा तोंडावर. मी तुमच्या घरी येते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलताय, तुमच्या पत्नी, आमच्या बाई, भाकऱ्या थापतायत, अधूनमधून दोघं कानडीत काहीतरी बोलता. मी उभ्या उभ्याच म्हणते, सर, तुमचा कागद मिळेल का? बाई तव्यावरून नजर न काढता म्हणतात, "द्या की पोरीला. वाळून काटकी झालीय." तुम्ही हात झटकता, आतून कागद आणता. "आयता पायजे ना? घे. यात तीन चुका घातल्यात. त्या शोध, मग पाठ कर." दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मास्तर डाळीत खडे घालून देतोय बघ." मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली चूक चौथ्या दिवशी सापडली. मृत्यूपूर्व जबाबाच्या चौकटीत तुम्ही लिहिलं होतं, बोलणाऱ्याला आपण मरणार याची जाणीव असली पाहिजे. ती इंग्लंडची अट, आपल्याकडे नाही. दुसरी त्याच फाट्यावर : असा जबाब मॅजिस्ट्रेटनेच नोंदवला पाहिजे. तोही पाहिजेच असं नाही. या दोन चुका शोधायला मी मूळ कायदा पहिल्या पानापासून वाचला, प्रत्येक चौकट त्याच्याशी लावून बघितली. तिसरी मिळाली नाही. परीक्षेत मात्र चांगले गुण पडले आणि शोधायची घाई संपली.

पण कुतूहल संपलं नाही. वकिली सुरू केली, मग शिकवायला लागले, दर वर्षी सत्र सुरू व्हायच्या आधी तो कागद जमिनीवर पसरून बसते. पोरं त्याला मॅडमची चादर म्हणतात. ते फळ्यावर त्याचंच चित्र बघतात, दोन चुका दुरुस्त केलेलं. मध्यंतरी कायदाच नवा आला. सगळे आकडे बदलले, वेळापत्रकवाले हवालदिल झाले. मी पेन्सिल घेऊन पुन्हा एकेक चौकट तपासली. गंमत म्हणून असंही मनात आलं, की नव्या कायद्यानं तुमची तिसरी चूक बरोबर करून टाकली असेल का? माझा नवरा म्हणतो, "दोनच असणार. तिसरी तुला कामाला लावायला." असेल. पण दोन साक्षीदार असताना तीन सांगणारे तुम्ही नव्हता. की मी तुम्हाला पुरतं ओळखलंच नाही?

आता एक विद्यार्थिनी आहे. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. पाळी बदलली की तास बुडतात. हाच विषय मागच्या वेळी राहिला, या वेळी राहिला तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, आणि घरी सासऱ्यांनी सांगून ठेवलंय की मग कॉलेज बंद. काल वर्गाबाहेर थांबली होती. "मॅडम, नऊ दिवस राहिलेत. पुस्तक लई मोठं हाय. तुमची ती चादर द्या की, आजच्या आज झेरॉक्स करून परत आणून देते." मी म्हटलं, मीच काढून आणते. नियम सांगितला नाही. तिच्याकडे नियमाला वेळ कुठे आहे? कागद घेऊन दुकानात गेले, आणि काचेवर तो ठेवताना कळलं की ही नऊ दिवसांत यातलं अक्षरन् अक्षर पाठ करणार. तपासणार नाही. आणि यातली एक चौकट कदाचित खोटी आहे, ती कोणती हे मला माहीत नाही. इतकी वर्षं मी ती फळ्यावर काढत आले. एकाही वर्गाला हे सांगितलेलं नाही.

तुम्हालाही नाही. शेवटच्या भेटीत तुम्ही खाटेवर होता, नाकात नळी, आवाज बसलेला. बाईंनी मी आल्याचं कानाशी सांगितलं. तुम्ही डोळे उघडलेत आणि एकच शब्द विचारलात, "तिसरी?" मी म्हणाले, "सापडली, सर." "व्हय?" म्हणालात आणि डोळे मिटलेत. कोणती, ते विचारलं नाहीत. साक्षीदाराला असं अर्ध्यावर सोडलेलं मी तुम्हाला कोर्टात कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही दमला होता म्हणून विचारलं नाहीत, की कळलं म्हणून, हे कितीतरी वेळा मनात उलटून पालटून पाहिलं.

मला ती सापडली नव्हती, सर. अजूनही नाही.

सकाळी साडेसातला ती कॉलेजात आली. मी तुमचा मूळ कागद तिच्यापुढे ठेवला, दोन चुका दाखवल्या आणि तिसरी मला माहीत नाही, असं सांगितलं. तिनं तो बराच वेळ बघितला. "मग ह्यो नगं, मॅडम," म्हणाली, "माझा मीच करते." तिनं मूळ कायद्याचं पुस्तक मागून घेतलं, कोरे कागद मागितले आणि खिडकीजवळच्या बाकावर बसली. दोनची पाळी होती. एक वाजता उठली तेव्हा तिचे सहा फाटे झाले होते.