प्रश्नाचं शेपूट

६ जानेवारी, मंगळवार

थंडी मरणाची. पडवीत ऊन यायला नऊ वाजले. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते, त्यात धूळ तरंगते, ती बघत मनू अर्धा तास बसली. मीही मेथी निवडता निवडता बघत बसले. चहा उतू गेला. अक्का चुलीपासून ओरडल्या, "जशी माय तशी आंडेर!" आंडेर म्हणजे लेक. खोटं नाही. सासू असली तरी कधीकधी खरं बोलतात.

ज्योतीला बघायला जळगावचे लोक २३ला येताहेत. एकुलती एक नणंद, तिसावं लागेल आता. दोन स्थळं परत गेली, दोन्ही वेळा मनूला बघून. "घरात असं आहे म्हणजे..." पुढचं कुणी बोलत नाही. अक्का म्हणाल्या, "त्या दिन मनूले तुन्हा मायरे ठेवी ये, शिरपूरले." खाट बाजूला सरकवायला सांगावं तसं. सात वर्षांची पोर माझी.

मी "बघू" म्हटलं. "नाही" म्हणायला हवं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

धुळे. पिंपळनेरहून सकाळची एस्टी. सगळीकडे धुकं, मनूने खिडकीच्या काचेला नाक लावलं ते साक्री येईपर्यंत. कांद्याची शेतं, मध्येच एक बगळा, मग परत नुसतं पांढरं. मला डुलकी लागली. स्वप्नात मनू मला हाक मारत होती, चांगली खणखणीत, "आई". जागी झाले तर कंडक्टर, "ताई, धुळं."

दवाखान्यात मुलं तपासणाऱ्या मॅडमनी तिच्याशी तासभर खेळून घेतलं. मी विचारलं, हल्ली बोलते पण जे विचारू तेच बोलते, असं का? त्या म्हणाल्या, "ती उत्तर देत नाही हो, प्रश्नाचं शेपूट तुम्हाला परत देते. दूध हवं का पाणी? पाणी. पाणी हवं का दूध? दूध. यातूनच भाषा येईल, घाई नको."

जाताना तक्ता दिला, वर मोठ्या अक्षरात "स्वमग्नता". म्हणाल्या, "तुम्ही अंगणवाडी सेविका. गावात तुम्ही नाही बोलणार तर कोण?"

बरोबरच आहे. मी लसीवर बोलते, पोषण आहारावर बोलते. स्वतःच्या पोरीवर आलं की तोंड शिवलेलं.

१५ जानेवारी, गुरुवार

बोलले!

अंगणवाडीत हळदीकुंकू, चाळीसेक बायका. वाण म्हणून चहाची गाळणी. तक्ता भिंतीला लावला. रात्री पाठ केलेलं सगळं विसरले आणि तक्त्यावरचंच वाचलं. "माझी मनू स्वमग्न आहे. हा आजार नाही, बाहेरची बाधा नाही, माझ्या पोटात असताना ग्रहण लागलं म्हणून नाही." कुणी हसलं नाही. मागून कमलआजी, त्यांना कमीच ऐकू येतं, मोठ्यानं म्हणाल्या, "काय म्हनस? सपनमा शे?" शेजारणीनं मान हलवली, "हां आजी, सपनमा शे पोर."

मग सगळ्यांच्या तोंडी तेच. सपनमा शे, स्वप्नात आहे. येडी म्हणणाऱ्या बायका त्या, आज मनूकडे इतक्या मायेनं बघत होत्या! मला दुरुस्त करायचं होतं. केलं नाही. खरं सांगायचं तर मला तो शब्द आवडला. तक्त्यावरच्यापेक्षा पुष्कळ बरा. घरी येईपर्यंत मनातल्या मनात घोळवत होते.

१८ जानेवारी, रविवार

काय हे लचांड!

शेवंताबाईंची बकरी कालपासून हरवलेली. सकाळी सरळ मनूपुढे येऊन बसल्या. "बेटा, सपनमा दख बरं. बकरी नदीकडे गयी का डोंगरकडे?"

मनू: "डोंगरकडे."

दुपारी आरोळी, "भेटनी वं माय, भेटनी!" बकरी डोंगरकडेच भेटली. अहो, बकरी आणखी जाणार कुठं? नदीकडे सगळा कांदा, माणसं राखणीला.

संध्याकाळपर्यंत चार जणी. एकीनं नारळ आणला. मी हसत होते. एकीनं मनूच्या कपाळावर ओलं कुंकू लावलं, तशी पोरगी किंचाळली. ओलं अंगाला लागलेलं तिला सोसत नाही. पदरानं पुसलं तरी तासभर कपाळ चोळत होती. ती बाई बाहेर सांगत गेली, "अंगमा येस तिन्या."

२० जानेवारी, मंगळवार

अक्कांनी मनूला पाटावर बसवलं. ज्या अक्का तिला शिरपूरला पाठवणार होत्या! आता म्हणतात, "२३ले मनू आठेच ऱ्हाई. पाहुनासले दखू दे." हे म्हणाले, "चालू दे ना, कुणाचं वाईट होतंय? निदान पोरीला कुणी दगड मारत नाही." मागच्या वर्षी मारला होता, भुवईवर व्रण आहे अजून.

मी काय बोलणार. दोन दिवस मलाही गोड लागलं. पाण्याला गेले तर बायका बाजूला होऊन नळ देतात. कधी नव्हे ते मान ताठ करून चालले. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

२३ जानेवारी, शुक्रवार

जळगावकर आले. मुलगा शांत, बँकेत शिपाई, ज्योतीशी दोन शब्द नीट बोलला. आई मात्र खमक्या. पोहे झाले, चहा झाला, आणि बाईंनी मनूला जवळ बोलावलं. गावातून ऐकून आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "सांग बाळा, हे लग्न करावं, का नाही?"

मनू बाईंच्या बांगड्यांकडे बघत होती. म्हणाली, "का नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "का नाही! ऐकलंत? म्हणते, का नाही!" सगळे हसले. अक्कांच्या डोळ्यांत पाणी. तिथंच सुपारी फुटली. ज्योतीनं मला मिठी मारली, केसांना शिकेकाईचा वास. मी पण हसले.

त्यांनी विचारलं होतं "करावं, का नाही". मधला थांबा फक्त मी ऐकला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं, मुलांना लाडू वाटले. घरी आले तर अक्का म्हणाल्या, "तू नव्हतीस तव्हय एक बाई येयेल व्हती, वरला पाड्यावरनी. कडेवर पोर." पोरगी तीन वर्षांची, एक शब्द बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही. हळदीकुंकवाला ती मागे बसलेली. माझं ऐकून आली होती. माझं!

"मग?"

"मनूले पुसं तिनी. पोरले धुळे लई जाऊ का नको?"

अक्कांना सांगावंच लागलं नाही पुढचं.

"नको."

बाई पाया पडून निघून गेली.

मनू उन्हात बसली होती, बोटांमधून उजेड बघत. तिला जवळ घेतलं. तिला आवडत नाही तरी घेतलं. तिचा काय दोष? मी एक शब्द चुकीचा ऐकू दिला, आणि दहा दिवस त्याच्यावर मिरवले.

२७ जानेवारी, मंगळवार

पाड्यावर गेले. दोन तास चढ, दुपारचं ऊन इतकं मऊ की पाय आपोआप चालत होते. वाटेत कुणी नाही. झोपेत चालल्यासारखं. खरंच वाटलं, मीच सपनमा शे.

बाई नागलीच्या भाकरी करत होती. सगळं सांगितलं. मनू देवाची नाही, माझी आहे. ती फक्त शेवटचा शब्द परत देते. बाईला पटेना. मग मीच म्हटलं, "उद्या येऊन विचार, नको नेऊ का नेऊ? ती म्हणेल नेऊ." बाई बराच वेळ भाकरीकडे बघत राहिली. भाकर करपली. "मंग खरं कोन सांगी?"

"तुझ्या लेकीला तपासून मॅडम सांगतील. शुक्रवारी मी जाते, साडेसातच्या गाडीनं. ये."

येते म्हणाली नाही, नाही येत असंही नाही.

२८ जानेवारी, बुधवार

घरात सगळ्यांसमोर बोलले. यापुढे मनूला कुणी काही विचारायचं नाही. अक्का भडकल्या. "आते बठ्ठं जमनं नि तू मोडाले निंघनी! जळगाववालासले समजनं तं?"

"समजणारच. मीच सांगणार."

हे उठून बाहेर गेले. ज्योती कपडे वाळत घालत होती, आत आलीच नाही. तिच्या लग्नावर पाणी ओतायचा मला काय हक्क? आणि नाही सांगितलं तर उद्या तिथं काही वाकडं झालं की बोल मनूवर. तीच पोर, आज देवी, उद्या चेटकीण. गावाला वेळ लागत नाही.

जेवले नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी ज्योतीनंच फोन आणून हातात दिला. डोळे सुजलेले. "वहिनी, तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही." नंबर तिनंच लावला आणि उंबऱ्यात जाऊन बसली, पाठ आमच्याकडे.

मुलाच्या आईला सगळं सांगितलं. न अडखळता, तक्ता न बघता. मनू कशी आहे, काय बोलते, काय बोलत नाही. काही आपोआप बरं होत नाही, आणि काही वाईटही नाही. त्या दिवशी गप्प बसले त्याची माफी मागितली.

बाई म्हणाल्या, "म्हणजे ती हो म्हणालीच नव्हती?"

"नाही. तुम्हीच विचारलंत, तेच तुम्हाला परत आलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज. कुणीतरी कुकर उतरवला असावा.

"मग आता आम्हालाच ठरवावं लागणार," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.